मळ आणि विटाळ : कणकवलीचे कै. अप्पासाहेब पटवर्धन

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी विटाळाच्या कल्पनेचे निरसन करताना शरीरधर्माचे यथार्थ निरूपण केले आहे. देहाच्या नऊ द्वारांतून मळ स्रवतो; तो धुतला की गेला. जीवाला त्याचा लेप लागत नाही. ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभू मातंगांच्या घरी जात, तेथेही हाच विचार आचरणात दिसतो. परमार्गाचे अनुयायी नसतानाही हा विचार ज्यांनी देह झिजवून आचरला, त्यांत कै. सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन यांची गणना करावी लागेल.

त्यांचा जन्म १८९४ साली कोकणातील ब्राह्मण कुळात झाला. उच्च शिक्षणानंतर पुण्यास काही काळ अध्यापन करून ते महात्मा गांधींच्या कार्यात गेले. विद्या, कुल आणि मान ही तिन्ही त्यांच्यापाशी होती; त्यांचा अभिमान मात्र त्यांनी ठेवला नाही.

१९३२ साली सत्याग्रही म्हणून ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. शौचकूप साफ करण्याचे काम तेथे विशिष्ट जातीच्या बंद्यांकडेच असे. ते आपणास मिळावे, अशी त्यांनी मागणी केली. अधिकाऱ्यांनी नकार देताच त्यांनी अन्न कमी केले. हे कळताच येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधींनीही ३ डिसेंबर १९३२ रोजी उपोषण आरंभिले. सरकारने फेरविचाराचे आश्वासन दिल्यावर ते थांबले. बंदी अधिक सुखासाठी झगडतात. अप्पांनी झगडून मागितला तो मैल्याचा डबा!

१९४८ साली कणकवलीजवळ त्यांनी गोपुरी आश्रम स्थापिला. मैल्यावर माती व पालापाचोळा टाकून त्याचे सोनखत करणारा गोपुरी संडास त्यांनी प्रचारात आणला. मृत गुरांची कातडी सोडविण्याचे, समाजाने हीन ठरविलेले कामही त्यांनी अंगीकारले. या चर्मासाठी जीवहिंसा घडत नव्हती, हे अहिंसाव्रती साधकांनी विशेष लक्षात घ्यावे. १९७१ साली त्यांचे देहावसान झाले.

लोकसेवेने पुण्य जोडते. मोक्ष परमेश्वरकृपेवाचून नाही, हा सिद्धांत अबाधित आहे. तथापि देहाभिमान व कुलाभिमान गळाल्यावाचून अनुसरण तरी कसे सिद्ध व्हावे? भिक्षेच्या झोळीत चारी वर्णांचे अन्न एकत्र करणारा आपला आचार याच अभिमानावर घाव घालतो. परंतु झोळी खाली ठेवताच ज्ञातीचा विचार मनात उभा राहिला, किंवा वासनिकाच्या घरी सफाई करणाऱ्याचा पेला निराळा राहिला, तर सूत्रपाठ मुखातच राहिला असे समजावे. अप्पासाहेबांना ते सूत्र मुखोद्गत नसेल. त्यांच्या हातांना मात्र ते ठाऊक होते.