न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग

इ. स. 1862 मध्ये मुंबईत उच्च न्यायालयाची स्थापना झाली. त्याचे न्यायाधीश इंग्रज होते आणि कामकाजाची भाषाही इंग्रजी होती. परंतु वारसा, दत्तक, वाटणी यांविषयीचे हिंदूंचे तंटे हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे तोडावयाचे असत, आणि धर्मशास्त्राचे मूळ ग्रंथ तर संस्कृतात! पूर्वी अशा वेळी न्यायालयांत नेमलेल्या शास्त्र्यांचे मत घेण्याची वहिवाट होती. 1864 मध्ये या शास्त्र्यांच्या जागा बंद झाल्या. तेव्हापासून न्यायाधीशांना इंग्रजी भाषांतरांवर आणि मागील निवाड्यांवर विसंबून राहावे लागे. मूळ ग्रंथ स्वतः वाचून त्यांचा अर्थ कायद्याच्या भाषेत मांडू शकेल, अशा माणसाची फार उणीव होती. ती ज्या थोड्या विद्वानांनी भरून काढली, त्यांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे अग्रगण्य होत.

तेलंगांचा जन्म 30 ऑगस्ट 1850 रोजी मुंबईत झाला. मराठी शाळेतील शिक्षण आटोपून ते एल्फिन्स्टन हायस्कुलात दाखल झाले. तेथे नारायण महादेव परमानंद यांच्यासारखे विचारी आणि निःस्पृह शिक्षक त्यांना लाभले. गुरुशिष्यांचे हे नाते पुढे निकटच्या स्नेहात परिणत झाले. एल्फिन्स्टन कॉलेजात तेलंगांनी एम. ए. आणि एल्एल्. बी. या दोन्ही पदव्या मिळविल्या. संस्कृताची गोडी लागलेला हा तरुण कायद्याकडेही तितक्याच आस्थेने वळला. एका विद्येसाठी दुसरी सोडावी, असे त्याला कधी वाटले नाही.

उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत त्या काळी बहुधा विलायतेहून आलेले बॅरिस्टरच काम चालवीत. विलायतेस न जाता तेथे प्रवेश मिळवावयाचा, तर एक कठीण परीक्षा द्यावी लागे. बाळ मंगेश वागळे यांनी ही वाट प्रथम चोखाळली होती. त्यांच्या मागोमाग तेलंगही ती परीक्षा उतरले आणि 1872 मध्ये वकिली करू लागले. धर्मशास्त्राचा प्रश्न निघाला की ते मूळ संस्कृत वचनाचाच आधार देत आणि त्याचा अर्थ स्वच्छ इंग्रजीत उलगडून दाखवीत. त्यामुळे त्यांच्या शब्दाला न्यायालयात लवकरच वजन प्राप्त झाले.

जसे संस्कृत त्यांना न्यायालयात उपयोगी पडले, तशीच वकिलाची दृष्टी त्यांना विद्येच्या क्षेत्रात उपयोगी पडली. वेबर नावाच्या एका थोर जर्मन पंडिताने असे मत मांडले होते की, रामायणाच्या कथेवर ग्रीक कवी होमर याच्या काव्याची छाया आहे. तेलंग त्या वेळी अवघे तेवीस वर्षांचे होते. परंतु एवढ्या मोठ्या पंडितापुढे ते दबले नाहीत आणि रागाच्या आहारीही गेले नाहीत. साक्षीपुरावा पारखावा तसा त्यांनी एकेक मुद्दा तपासला आणि 1873 मध्ये त्या मताचे सविस्तर खंडन केले. पुढे त्यांनी भगवद्गीतेचे इंग्रजीत भाषांतर केले. ते 1882 मध्ये मॅक्स म्यूलर यांनी संपादिलेल्या प्राच्य धर्मग्रंथांच्या मालेत प्रसिद्ध झाले. मराठ्यांच्या बखरी वाचून तत्कालीन समाजस्थितीवर त्यांनी लिहिलेला निबंध न्यायमूर्ती रानडे यांच्या मराठ्यांच्या इतिहासावरील ग्रंथाला जोडलेला आहे.

1889 मध्ये तेलंग उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. तेथे एक बिकट प्रश्न पुढे आला. वडील आपल्या भावांसह एकत्र कुटुंबात राहत आहेत आणि वाटणीला त्यांची संमती नाही. अशा स्थितीत मुलाला वडिलोपार्जित मालमत्तेतील आपला वाटा मागता येईल काय? बहुमत मुलाच्या विरुद्ध पडले. तेलंगांनी मिताक्षरा हा ग्रंथ बारकाईने अभ्यासला होता. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क प्राप्त होतो, असे तो ग्रंथ सांगतो. म्हणून तेलंगांनी सहकाऱ्यांहून वेगळा निवाडा लिहिला. त्यांचे मत मुंबईत मान्य झाले नाही. परंतु इतर काही प्रांतांतील न्यायालयांनी मुलाचा हा हक्क मान्य केला. एकटे पडण्याचे भय त्यांनी बाळगले नाही, कारण त्यांच्या मताला अभ्यासाचा भरभक्कम पाया होता.

सार्वजनिक कार्यातही ते मागे नव्हते. 1882 च्या शिक्षण आयोगाचे ते सभासद होते. 1885 मध्ये मुंबईस राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले, त्यातही त्यांनी भाग घेतला. 1892 मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. हा मान मिळविणारे ते पहिलेच भारतीय होत. परंतु त्या पदाचा लाभ त्यांना फार दिवस झाला नाही. 1 सप्टेंबर 1893 रोजी, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

कायदा न जाणणारा पंडित आणि मूळ ग्रंथ न जाणणारा कायदेपंडित, या दोघांच्याही हातून न्याय अपुरा राहण्याचा संभव असतो. तेलंगांनी दोन्ही विद्या एकत्र आणल्या. ज्या लोकांना न्याय द्यावयाचा, त्यांची भाषा, त्यांचे ग्रंथ आणि त्यांचा इतिहास यांचे ज्ञान न्यायाधीशाला असले पाहिजे, हेच त्यांचे अल्प परंतु सफल जीवन आपणांस सांगते.