फ्लेमिंग यांचा दुर्लक्षित इशारा

सर अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे नाव निघाले, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक काचेची बशी आणि तीवर उगवलेली बुरशी उभी राहते. पेनिसिलिनच्या शोधाची ही योगायोगाची कथा शाळेपासून सर्वांच्या परिचयाची आहे. मात्र याच फ्लेमिंग यांनी ११ डिसेंबर १९४५ रोजी स्टॉकहोम येथे नोबेल पारितोषिकाच्या निमित्ताने केलेल्या व्याख्यानात आपल्याच औषधाच्या दुरुपयोगाविषयी स्पष्ट इशारा दिला होता, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. डॉक्टरांना न विचारता दुकानातून अॅमॉक्सिसिलिनच्या चार कॅप्सूल आणायच्या, ताप उतरला की दोन उरवायच्या आणि पुढच्या खेपेस त्या घरातील दुसऱ्या कोणाला तरी द्यायच्या, हा प्रकार ज्या समाजात सर्रास चालतो, त्या समाजाने तरी फ्लेमिंग यांचे चरित्र त्या इशाऱ्यासह वाचावयास हवे.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यात, लॉकफील्ड नावाच्या शेतावर झाला. वडील शेतकरी, मुलगा सात वर्षांचा असतानाच ते वारले. किशोरवयातच फ्लेमिंग लंडनला आले आणि थोडे शिक्षण झाल्यावर एका जहाज कंपनीच्या कचेरीत त्यांनी चार वर्षे कारकुनी केली. काकांच्या मृत्युपत्रामुळे थोडी रक्कम हाती आली नसती, तर हा मनुष्य कदाचित खतावण्या लिहिण्यातच आयुष्य घालविता. १९०१ मध्ये त्यांनी सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला. १९०६ मध्ये पदवी मिळाल्यावर ते तेथेच आल्मरॉथ राइट यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. रुग्णालयाच्या नेमबाजी संघाला एक चांगला नेमबाज गमवावयाचा नव्हता, हेही त्यामागचे एक कारण होते! ते कसेही असो, मितभाषी फ्लेमिंग यांनी पुढे ती संस्था सोडली नाही.

युद्धाने दिलेला धडा

पहिल्या महायुद्धात फ्लेमिंग यांची नेमणूक फ्रान्समधील बूलोन येथील लष्करी प्रयोगशाळेत झाली. जखमी सैनिकांच्या जखमा कार्बोलिक आम्लासारख्या जंतुनाशकांनी धुण्याची तेव्हा प्रथा होती. तरीही जखमा चिघळत आणि सैनिक दगावत. फ्लेमिंग यांनी काचनळीला जखमेसारखे वेडेवाकडे कोपरे काढून प्रयोग केले आणि दाखवून दिले, की जंतुनाशक त्या खोल कोपऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही. उलट शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी मात्र त्यामुळे आधी मरतात. औषध कोठपर्यंत पोहोचते आणि शत्रूखेरीज आणखी कोणाला मारते, हे दोन प्रश्न फ्लेमिंग यांच्या मनात तेव्हापासून कायमचे घर करून राहिले. १९२२ मध्ये त्यांनी नाकातील स्राव आणि अश्रू यांतील लायसोझाइम हा पदार्थ उजेडात आणला. तो शरीराला अपाय करीत नव्हता. पण घातक रोगजंतूंपुढे त्याचे फारसे चालत नव्हते.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुटीवरून परतल्यावर स्टॅफिलोकॉकस जंतूंच्या एका बशीत त्यांना बुरशी दिसली. तिच्याभोवतीचे जंतू विरघळून गेले होते. अशी बशी अनेकांनी फेकून दिली असती. वरील दोन प्रश्न घेऊन दहा-बारा वर्षे वावरलेल्या माणसाने ती ठेवली, याला निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी पेनिसिलिनला दाद देणाऱ्या जंतूंबरोबरच दाद न देणाऱ्या जंतूंचीही नोंद केली. म्हणजेच हे औषध प्रत्येक रोगावरचा रामबाण उपाय नव्हे, ही गोष्ट त्याच्या जन्मपत्रिकेतच लिहिली गेली होती.

बुरशीतून शुद्ध आणि टिकाऊ पेनिसिलिन काढणे मात्र फ्लेमिंग यांना साधले नाही. ते श्रेय ऑक्सफर्डच्या हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांचे आहे. मे १९४० मध्ये त्यांनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले. पेनिसिलिन दिलेले चार उंदीर वाचले, उरलेले चार मेले. फेब्रुवारी १९४१ मध्ये सर्वांगात विष भिनलेल्या एका पोलिस शिपायाला हे औषध देण्यात आले. तो झपाट्याने सुधारू लागला. परंतु साठा अपुरा होता. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत मिळवून त्यालाच टोचण्यात आले, तरी ते पुरले नाही. रोगाने उलट खाल्ली आणि मार्चमध्ये तो मरण पावला. अपुऱ्या उपचाराचा हा पहिला बळी. पण त्यात कोणाचा दोष नव्हता, औषधच शिल्लक नव्हते. पुढे अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले, युद्धात असंख्य सैनिकांचे प्राण वाचले आणि १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना विभागून मिळाले.

घशाचे दुखणे आणि पत्नीचा मृत्यू

हे औषध उद्या कोणालाही दुकानात मिळू लागेल, हे फ्लेमिंग यांनी स्टॉकहोमच्या व्याख्यानात ओळखले होते. जंतूंना मारण्यास अपुरे पडेल इतक्या थोड्या पेनिसिलिनच्या सान्निध्यात ते ठेवले, तर ते दाद देईनासे होतात, हे प्रयोगशाळेत दिसून आले होते. म्हणून त्यांनी एक काल्पनिक उदाहरण रचले. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणून थोडेसे घेतो. त्याच्या घशातील जंतू मरत नाहीत, पण निर्ढावतात. तेच जंतू त्याच्या पत्नीला ग्रासतात, तिला न्यूमोनिया होतो आणि पेनिसिलिन देऊनही ती मरते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण, हा प्रश्न उपस्थित करून फ्लेमिंग यांनी त्या गृहस्थाकडेच बोट दाखविले.

हा इशारा खरा ठरण्यास फार काळ लागला नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी तपासलेल्या स्टॅफिलोकॉकस जंतूंपैकी पेनिसिलिनला दाद न देणाऱ्यांचे प्रमाण १९४६ मध्ये सुमारे १४ टक्के होते; १९४८ मध्ये ते ५९ टक्क्यांवर गेले. ब्रिटनने १९४७ मध्ये खास कायदा करून पेनिसिलिनच्या खुल्या विक्रीवर बंधन घातले. पुढे पोटातून घेता येणारी पेनिसिलिने आली. १९६१ मध्ये अँपिसिलिन आणि १९७२ मध्ये अॅमॉक्सिसिलिन बाजारात आले. इंजेक्शनची गरज उरली नाही. त्याबरोबर सुईमागे असणारा डॉक्टरही अनेकांना अनावश्यक वाटू लागला. फ्लेमिंग ११ मार्च १९५५ रोजी लंडनमध्ये वारले. त्याच वर्षी पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले आणि हे औषध भारतातील सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागले.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. औषधाची सवय शरीराला होते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ती रोग्याच्या शरीराला नव्हे, तर जंतूंना होते. दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. फ्लेमिंग यांना मुख्यतः अपुऱ्या मात्रेची भीती वाटत होती. आज त्यात भर घालावी लागते, ती अशी, की अनावश्यक मात्राही तितकीच घातक असते; कारण ती आतड्यांतील निरुपद्रवी जंतूंनाही दाद न देण्याचे शिक्षण देते आणि ते गुण पुढे रोगजंतूंकडे जातात. सर्दी-पडसे आणि फ्लू हे विषाणूंचे विकार. त्यांवर अॅमॉक्सिसिलिनचा काडीमात्र उपयोग नाही. तेव्हा हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यावे. पेनिसिलिनचे पूर्वी कधी वावडे आढळले असल्यास ते आधी सांगावे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मात्रेत आणि सांगितलेले दिवस भरेपर्यंत घ्यावे. किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवावे. बरे वाटते म्हणून ते आपल्या मनाने कमी करू नयेत आणि धास्तीपोटी वाढवूही नयेत. अंगावर पुरळ उठले तर लगेच डॉक्टरांना विचारावे. चेहरा सुजला किंवा श्वास कोंडला तर औषध थांबवून तडक रुग्णालय गाठावे. उरलेली गोळी दुसऱ्याला देऊ नये.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता या औषधाची गुणकारिता हे गावच्या गायरानासारखे सामाईक धन आहे. गोळीची किंमत घेणारा चुकवितो. तिच्या गैरवापराची किंमत मात्र दुसराच कोणी भरतो आणि पावतीवर ती कोठेही लिहिलेली नसते. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मरण पावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. जो तो आपापली गुरे मोकाट सोडू लागला, तर गायरान उजाड होण्यास वेळ लागत नाही. कायदा दुकानदाराला आवर घालू शकेल, आणि त्याने तो घालावयासच हवा. परंतु घरातील कपाटात उरलेल्या दोन कॅप्सूलवर कोणताही निरीक्षक लक्ष ठेवू शकत नाही. फ्लेमिंग यांच्या उदाहरणातील गृहस्थ दुष्ट नव्हता. त्याने फक्त आपल्या घशापुरता विचार केला. तो बरा झाला. गेली ती त्याची पत्नी.