मेल्या ढोराचं आणि मैल्याचं मोल जाणणारे आप्पासाहेब पटवर्धन

कणकवली सोडून महामार्गाने कुडाळकडे निघालं की वागदे गावात गड नदीच्या काठी गोपुरी आश्रम लागतो. कोर्टाच्या, कचेरीच्या, बँकेच्या कामाला जाणारे आपल्यातले कितीतरी लोक रोज तिथून जातात. हीच गड नदी पुढे आपल्या मालवण तालुक्यात येऊन कालावलच्या खाडीला मिळते. पण हा आश्रम कोणी काढला आणि तिथे काय काम चालायचं, हे विचारलं तर ग्रामसभेतले निम्मे लोक गप्प बसतात. जुने लोक मात्र कोकणचे गांधी असं नाव लगेच सांगतात.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांचा जन्म १८९४ साली रत्नागिरी जिल्ह्यात झाला. आपला जिल्हा तेव्हा रत्नागिरीतच होता, वेगळा झाला तो १९८१ साली. माणूस हुशार. तत्त्वज्ञान शिकून पुण्याच्या कॉलेजात प्राध्यापक झाला. पेन्शनीपर्यंत सुखात गेला असता. पण गांधीजींच्या विचारांनी ओढलं, साबरमतीचा आश्रम पाहिला आणि नोकरी सोडून कोकणात परत आला. गांधीजींच्या आत्मकथेचं मराठी भाषांतर त्यांचंच आहे. त्यापुढचं सगळं आयुष्य खादी, अस्पृश्यता निवारण, सफाई आणि तुरुंगवाऱ्या यांत गेलं.

त्या वेळचं कोकण कसं होतं ते नव्या पिढीला सांगायला हवं. जमीन खोताची, कूळ अर्धेलीने कसणार, म्हणजे निम्मं पीक उचलून द्यायचं. (खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, स्वराज्य आल्यावर.) पाऊस शंभर इंचाच्या वर, पण जमीन जांभी, त्यामुळे खताचा कस पाण्याबरोबर वाहून जाणार. भात दिवाळीला हाती येई आणि पुढे नाचणी-वरीवर दिवस काढायचे. घरातला कर्ता पोरगा मुंबईच्या गिरणीत. त्याची मनीऑर्डर आली तर मीठमिरची. दलितवाडीत तर मनीऑर्डरही नाही आणि विहिरीवर पाणीही नाही.

या गरिबीकडे पाहणारे पुष्कळ होते. कोणी धान्य वाटलं, कोणी फी भरली. आप्पासाहेबांची नजर वेगळी होती. गावात संपत्ती नाही हे त्यांना पटत नव्हतं. गाव आपली संपत्ती रोज फेकून देतं आणि जे हात ती उचलतात त्यांनाच बाटलेलं ठरवतं, असं त्यांचं म्हणणं. मेलेलं ढोर आणि माणसाचा मैला, या दोन गोष्टी त्यांनी हाती घेतल्या. नाक दाबणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं, कारण हिशेब शेतीचाच आहे.

ढोर मेलं की कातडं, हाडं, चरबी, मांस एवढ्या वस्तू राहतात. कातडं कमावलं तर चप्पल, मोट, पखाल. हाडांचा चुरा केला तर खत. हाडांच्या चुऱ्यात २० टक्क्यांच्या आसपास स्फुरद असतं, आणि आपली जांभी जमीन आंबट असल्यामुळे ते तिथे हळूहळू लागू पडतं. त्या काळी देशातली हाडं जहाजं भरून परदेशी जात आणि आपली खाचरं स्फुरदावाचून उपाशी राहात. आप्पासाहेबांनी नुसतं व्याख्यान दिलं नाही. सुरी हातात घेऊन ढोर सोलायला शिकले आणि कातडी कमावली. ब्राह्मणाचा मुलगा, माजी प्राध्यापक, ढोर सोलतो, हे तेव्हाच्या गावाला काय वाटलं असेल ते वाचकांनीच ताडावं.

मिठाच्या सत्याग्रहात आणि पुढेही त्यांना तुरुंग झाला. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम मागितलं. तुरुंगात ते काम ठराविक जातीच्या कैद्यांनाच देत. वरच्या जातीच्या कैद्याला ते द्यायला अधिकारी तयार होईनात, तेव्हा आप्पासाहेबांनी आपला आहार तोडला. येरवड्याला गांधीजींच्या कानावर हे गेलं आणि डिसेंबरात त्यांनीही उपवास धरला. शेवटी सरकार नरमलं. संडास साफ करायला मिळावा म्हणून सरकारशी भांडलेला दुसरा माणूस निदान मला तरी ठाऊक नाही.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. त्याच काळात बाबासाहेब आंबेडकर महाडपासून आपल्या लोकांना मेलेलं ढोर ओढणं आणि मृतमांस खाणं सोडा असं सांगत होते. त्यांचं बरोबर होतं. जन्माने गळ्यात पडलेलं काम टाकून दिल्याशिवाय मान मिळत नाही. आप्पासाहेबांना वाटे की काम घाण नाही, ते एकाच जातीवर लादणं घाण आहे, तेव्हा सगळ्यांनी करावं. ऐकायला चांगलं आहे. पण सवर्णाने ढोर सोललं तर तो संत होतो, महाराने सोललं तर तो महारच राहतो. हा फरक एका माणसाच्या त्यागाने पुसला जात नाही. आप्पासाहेबांची थोरवी मान्य करूनही मला वाटतं, या बाबतीत सवर्ण गाव त्यांच्या मागे गेलं नाही, आणि म्हणून दलितवाडीने काम टाकलं ते योग्यच केलं.

मैल्याच्या बाबतीत मात्र त्यांनी वेगळी वाट काढली. १९४८ साली गोपुरी आश्रम सुरू झाला. तिथल्या संडासाचा मुद्दा असा की मैला कोणालाही हाताने उचलावा लागू नये. चर खणायचा, वर माती आणि पालापाचोळा टाकायचा, भरला की मुरू द्यायचा आणि दुसरा वापरायला घ्यायचा. वास नाही, माशी नाही. कुजून तयार होतं ते सोनखत. हे नाव आपल्या आजोबांनीच ठेवलेलं आहे. पुढे १९५० नंतरच्या वर्षांत संडास गॅसप्लांटला जोडून त्यावर चूल पेटवण्यापर्यंत त्यांची मजल गेली. देहूचे डॉक्टर मापुसकर यांनी त्याच वाटेने पुढे काम केलं आणि तिथल्या सफाई तंत्रनिकेतनाला आप्पा पटवर्धनांचंच नाव दिलं. मापुसकरांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली २०१७ साली. आप्पासाहेब गेले ते १९७१ साली.

२०१६ साली देशातल्या सपाटीवरच्या जिल्ह्यांत आपला सिंधुदुर्ग स्वच्छतेत पहिला आला. अभिमानाची गोष्ट आहे. पण वाडीवर फिरताना मी पाहतो, बहुतेक घरांत एकच सेप्टिक टाकी आहे. ती भरली की मुंबईच्या भावाला फोन करून पैसे मागवायचे आणि गाडीवाला बोलवायचा. तो कुठे ओततो हे कोणी विचारत नाही. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी सभेत वाचून दाखवावं. दोन शोषखड्डे खणले तर गाडीही नको आणि माणूसही नको. एक भरला की निदान वर्षभर बंद ठेवायचा. आपल्या किनारपट्टीला वाळूत पावसाळ्यात पाणी वर येतं, म्हणून खड्डा उंचावर घ्यावा आणि विहिरीपासून निदान ५० फूट दूर ठेवावा. मेल्या जनावरांबद्दलही एक सूचना. फाशी रोगाचा संशय असेल तर ढोर उघडू नये, पशुधन अधिकाऱ्यांना कळवून चुना टाकून खोल पुरावं.

गेल्या मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या एका वाडीत असा बंद खड्डा उघडला. घरातली मंडळी पदर लावून लांब उभी होती. निघालं ते काळं, भुसभुशीत, जंगलातल्या मातीच्या वासाचं खत. भाजीला नको, माडालाच घाला, असं मी सांगितलं. म्हाताऱ्या काकी पुढे आल्या, मूठभर हातात घेऊन वास घेतला आणि सुनेला घमेलं आणायला पाठवलं. परसातले चार माड त्यांनी आधीच आळी करून ठेवले होते.