अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र मी लिहून द्यावे, असा आपल्या कार्यकारिणीचा आग्रह झाला. जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई यांची चरित्रे आपण सर्वजणी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यावेळी मी जरा निराळी निवड केली आहे. आपल्या कवठे महांकाळात रोज सकाळी घरोघरी एक शब्द उच्चारला जातो. पोरगं अंगणवाडीत गेलं का, अशी चौकशी आजी करते, आई करते, शेजारीण करते. हा अंगणवाडी शब्द ज्यांच्या कामातून जन्माला आला, त्या कै. ताराबाई मोडक यांच्याविषयी मी चार शब्द लिहीत आहे. मी स्वतः बरीच वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले. त्यामुळे ताराबाईंचे चरित्र माझ्या दृष्टीने कपाटात ठेवण्याचे पुस्तक नाही. त्याचा उपयोग मी वर्गात रोज करीत आले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. माहेरचे नाव केळकर. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलींनी शिकावे, असे मानणारे ते घर होते. ज्या काळी मुलीने मराठी चार इयत्ता शिकणे म्हणजे पुष्कळ झाले असे समजत, त्या काळी, म्हणजे १९१४ साली, ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीच्या मोडक वकिलांशी त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार सुखाचा झाला नाही आणि काही वर्षांतच त्या वेगळ्या झाल्या. पदरी लहान मुलगी होती. शंभर वर्षांपूर्वी एकट्या स्त्रीने असे बाहेर पडून स्वतःच्या पायावर उभे राहणे किती कठीण होते, हे भगिनींनो, आपल्यापैकी ज्यांनी आपल्या आज्यांचे हाल पाहिले आहेत, त्यांना निराळे सांगावयास नको.

ताराबाई खचल्या नाहीत. राजकोट येथे शिक्षिका तयार करणाऱ्या विद्यालयाच्या त्या प्रमुख झाल्या. मानाची जागा, चांगला पगार, सर्व काही होते. परंतु जवळच भावनगर येथे दक्षिणामूर्ती ही संस्था होती आणि तेथे गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ लहान मुलांचे एक आगळे बालमंदिर चालवीत होते. गिजुभाई मूळचे वकील. इटलीच्या डॉ. मारिया मॉन्टेसोरी यांचे विचार वाचून त्यांनी वकिली सोडली आणि १९२० साली बालमंदिर काढले. ते काम पाहून ताराबाईंच्या मनाने घेतले. १९२३ साली राजकोटची जागा सोडून त्या भावनगरास गेल्या. त्यानंतरचे सारे आयुष्य त्यांनी लहान मुलांना वाहिले.

मॉन्टेसोरीबाईंची पद्धत काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. त्या डॉक्टर होत्या. १९०७ साली रोम शहरातील एका गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. लहान मूल कानांपेक्षा हातांनी अधिक शिकते, असे त्यांना निरीक्षणाने आढळले. म्हणून त्यांनी मुलांच्या हाती देण्यासाठी साहित्य तयार केले. दहा भोकांचा एक लाकडी ठोकळा आणि त्यात बसणारे लहान-मोठे दहा दट्टे. एखादा दट्टा चुकीच्या भोकात बसविला की शेवटी एक दट्टा उरतो आणि बाईंनी न रागावता मुलाला स्वतःलाच चूक उमगते. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा घन रचून मनोरा करावयाचा. काचकागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवून अक्षराचे वळण हातात बसवायचे. बटणे लावण्याच्या व नाड्या बांधण्याच्या चौकटी तर मुलाला स्वतःचे कपडे स्वतः घालावयास शिकवितात.

हे सारे उत्तम. पण ते साहित्य महाग होते. आपल्याकडील खेड्यात ते कोण आणणार? ताराबाईंच्या कामाचे मोठेपण मला येथे दिसते. गिजुभाई आणि ताराबाई यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. शिक्षकांना व पालकांना समजावे म्हणून शिक्षण पत्रिका हे मासिक गुजरातीत चालविले व १९३३ पासून ताराबाईंनी ते मराठीतही सुरू केले. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार काढले. १९३९ साली गिजुभाई निवर्तले, तरी काम थांबले नाही. शहरातील सुशिक्षित आईबाप आपली मुले आनंदाने बालमंदिरात पाठवू लागले. पण ताराबाईंना समाधान नव्हते. हे शिक्षण पैसेवाल्यांच्या मुलांपुरतेच राहिले तर त्याचा उपयोग काय, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना.

अखेर १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. त्यांच्या जोडीला अनुताई वाघ होत्या. अनुताईंचा जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. बालपणीच लग्न झाले आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य आले. त्या वैधव्याला कवटाळून न बसता त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. ताराबाईंची व त्यांची गाठ पडली आणि मग ती सोबत जन्मभर टिकली.

बोर्डीस बालवाडी तर निघाली, पण वस्तीतील गरिबांची मुले तेथे येईनात. कोणाच्या अंगावर धड कपडा नाही, कोणाला धाकट्या भावंडाला सांभाळायचे आहे, कोणाच्या आईबापांना शाळा म्हणजे आपले काम नव्हे असे वाटते. दुसरे कोणी असते तर लोकांना दोष देऊन स्वस्थ बसले असते. ताराबाईंनी उलट विचार केला. मूल शाळेत येत नाही, तर शाळेनेच मुलाच्या अंगणात जावे. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखे कापायची, मग गाणे, गोष्ट आणि खेळ. अशी ही अंगणात भरणारी बालवाडी, म्हणून ती अंगणवाडी.

आणि साहित्य कोणते? शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, माती. जे अंगणात, शेतात, किनाऱ्यावर फुकट मिळते, ते. लहानमोठे ओळखायचे ते शिंपल्यांवरून. मोजायचे ते बियांनी. रंग ओळखायचे ते पानाफुलांनी. रोमहून निघालेली पद्धत अशा रीतीने आपल्या मातीत रुजली.

१९५७ साली हे काम बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आसपास वारली आदिवासींचे पाडे. तेथील मुले गुरे राखावयास जात. त्यांना शाळेत आणले तर गुरे कोणी राखावी? म्हणून शिक्षक गुरांमागे कुरणात गेले आणि कुरणशाळा भरू लागली. तान्ह्या भावंडांसाठी पाळणाघर, लहानांसाठी बालवाडी, मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा हे सर्व एका ठिकाणी जोडून त्यांनी विकासवाडी उभी केली. पाळण्यातल्या भावंडाची सोय झाली, म्हणून थोरली बहीण मोकळी होऊन शिकू लागली. मुलींचे शिक्षण कोठे अडते, हे ताराबाईंनी स्त्रीच्या नजरेने ओळखले होते. १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, आपल्या अखेरीपर्यंत, ते काम सांभाळले.

ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली. त्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज देशभर खेडोपाडी अंगणवाड्या आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्याकडे पाठविणे, मातांना आहार-आरोग्याचे मार्गदर्शन आणि शाळापूर्व शिक्षण अशी सहा कामे या योजनेत आहेत. मला मनापासून सांगावेसे वाटते की, यातील पहिल्या पाच कामांची आपण चौकशी करतो. खाऊ मिळाला का, डोस दिला का, वजन केले का. सहाव्या कामाची, जे ताराबाईंचे मुख्य काम, त्याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. आणि ज्या आयांना मुलाच्या शिक्षणाची काळजी वाटते, त्या तीन वर्षांच्या मुलाला इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवितात. आमच्या शेजारचे एक पोर अशाच एका शाळेत जाते. रोज रात्री डोळ्यांवर झोप असताना ते वहीचे पान भरीत बसते. पेन्सिल धरून त्याची बोटे दुखतात. ज्या बोटांनी अजून सदऱ्याचे बटण लागत नाही, त्या बोटांकडून आपण लिहिण्याची घाई करतो.

माझ्या वर्गातील दोन-तीन गोष्टी येथे सांगते, म्हणजे हाताने शिकणे म्हणजे काय ते कळेल. दुसरीच्या मुलांना बेरजेतील हातचा कधी समजत नसे. हातचा एक असे ती घोकत, पण हा एक कोठून आला आणि कोठे गेला, ते काही केल्या कळेना. मग मी शाळूच्या वाळल्या ताटांचे वीत-वीतभर तुकडे केले. दहा काड्या झाल्या की सुतळीने जुडी बांधायची, असा नियम. सत्तावीस म्हणजे दोन जुड्या आणि सात सुट्या काड्या. पंधरा म्हणजे एक जुडी आणि पाच सुट्या. सुट्या एकत्र केल्या की बारा होतात. लगेच त्यातल्या दहांची नवी जुडी बांधायची आणि ती जुड्यांच्या रांगेत ठेवायची. झाल्या चार जुड्या व दोन काड्या, म्हणजे बेचाळीस. ज्या दिवशी मुलांनी ती जुडी स्वतः बांधली, त्या दिवशी त्यांना हातचा खरोखर हातात मिळाला. पुढे वजाबाकीत जुडी सोडून दहा काड्या सुट्या करणे त्यांना मुद्दाम शिकवावे लागले नाही.

आपल्याकडे बेंदराला मातीचे बैल करतात. सणाच्या आठवडाभर आधी मी वर्गात चिखल मळावयास देई. पाय जाड झाले तर बैल उभा राहतो, बारीक झाले तर बसतो. मातीत पाणी जास्त झाले तर शिंगे गळतात, कमी झाले तर भेगा पडतात. हे मी कधी सांगितले नाही. बैल पडला की मुले आपणच दुसरा करीत. चिखल मळून बोटे बळकट होतात आणि पेन्सिल नीट धरता येते, हा लाभ निराळाच. वळण गिरवायला मी ताटलीत बारीक वाळू पसरून देई. वाळूत अक्षर चुकले तर हात फिरवला की पुसले, त्यामुळे भित्रे मूलही लिहावयास धजे. द्राक्षांच्या हंगामात एखादे मूल घरून बेदाणे आणी. पंचवीस जणांत ते सारखे वाटायचे म्हटले की भागाकार आपोआप सुरू होई. आणि बाकी उरली तर ती कोणी खायची, हा मोठा प्रश्न असे.

यातील एकाही गोष्टीला पैसा लागला नाही. वेळ मात्र लागला, आणि मूल चुकत असताना आपला हात मागे ठेवण्याचा संयम लागला. ताराबाईंच्या जीवनाचा मला लागलेला अर्थ असा की, गरिबाच्या मुलाला उत्तम शिक्षण मिळण्यास साहित्याची उणीव आड येत नाही. मुलाजवळ जाऊन बसणारे माणूस नसते, ही खरी अडचण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत मानून खेळातून व कृतीतून शिकविण्यावर भर दिला आहे. बोर्डीच्या अंगणात १९४५ साली ज्याला सुरुवात झाली, ते आता धोरणाच्या कागदावर आले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु कागद अंगणात येऊन बसत नाही. तेथे माणूसच जावे लागते.

म्हणून मंडळातील भगिनींपुढे मी तीन सूचना नम्रपणे ठेवते. पहिली, प्रत्येकीने घरातील चिंचोके, रिकामे डबे व त्यांची झाकणे, मोठी बटणे, रंगीत कापडाचे तुकडे, जुन्या बांगड्या साठवाव्यात आणि आपल्या गल्लीतील अंगणवाडीला एक पेटी भरून द्यावी. बांगड्या काचेच्या नकोत, आणि अगदी तान्ह्या मुलांच्या हाती चिंचोके-बटणे देऊ नयेत, ती तोंडात घालतात. दुसरी, अंगणवाडीच्या सेविका व मदतनीस यांच्यावर आहार, वजन, नोंदवह्या यांचा भार पुष्कळ असतो. त्यांच्याशी बोलून, त्यांच्या सोयीने, आठवड्यातून एक तास दोघी-दोघींनी पाळीपाळीने मुलांत जाऊन बसावे. आपल्यापैकी कोणाला गोधडी शिवता येते, कोणाला ठिपक्यांची रांगोळी येते, कोणाला जात्यावरच्या ओव्या येतात. हे सर्व मुलांच्या शिक्षणाचेच साहित्य आहे. तिसरी, मूल घरी आले की आज काय लिहिलेस असे विचारण्याऐवजी आज हातांनी काय केलेस, असे विचारावे.

पेटीसाठी आमच्या घरचे चिंचोके मी निवडून, धुऊन ठेवले आहेत. येत्या हळदीकुंकवाच्या दिवशी येताना प्रत्येकीने वाणाबरोबर अशी एकेक पुरचुंडी आणावी, म्हणजे पहिली पेटी त्याच दिवशी भरेल.