मित्र म्हणून हाक मारणारा संत



संत जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी इटलीतील बेक्की या खेड्यात झाला. लहानपणीच पितृछत्र हरपले. आई मार्गारेटने काबाडकष्ट करून मुलांना वाढवले.

नऊ वर्षांच्या जॉनला एक स्वप्न पडले. शिव्या देणाऱ्या मुलांवर तो मुठी आवळून धावला, तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्याला सांगितले, की ही मुले मारून नव्हे, मायेने जिंकायची. पुढे तो डोंबाऱ्यासारख्या कसरती करून मुले जमवू लागला. खेळाबरोबर प्रार्थना घेई आणि रविवारचे प्रवचन गोष्टीसारखे सांगे.

१८४१ साली ते धर्मगुरू झाले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला तुरीनच्या एका चर्चमध्ये बार्थोलोम्यू गॅरेली हा अनाथ मुलगा आला. मिस्सेत सेवा करता येत नाही म्हणून सॅक्रिस्टनने त्याला मारून हाकलले. फादर बॉस्कोंनी त्याला आपला मित्र म्हणत परत बोलावले आणि मिस्सेनंतर क्रुसाची खूण शिकवली. तेथून त्यांच्या कार्याला सुरुवात झाली. १८५९ साली स्थापन केलेल्या संस्थेला त्यांनी सौम्यपणासाठी प्रसिद्ध असलेल्या संत फ्रान्सिस द सेल्स यांचे नाव दिले. ३१ जानेवारी १८८८ रोजी ते प्रभुघरी गेले. १९३४ साली त्यांना संतपद मिळाले.

पालकांनो, आज जेवणानंतर ही गोष्ट मुलांना सांगा. एकाला गॅरेली करा, दुसऱ्याला सॅक्रिस्टन, तिसऱ्याला फादर. गॅरेलीला कोणाचे बोलणे आवडले, ते त्यालाच विचारा. मग आपणही स्वतःला विचारूया : आज घरात आपण यांपैकी कोण होतो?