पंडित विष्णु नारायण भातखंडे

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० साली मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. ते वकील झाले. पण त्यांचे मन संगीतातच रमे. त्या काळी जुन्या चीजा घराण्यांतच जपल्या जात. गवई निवर्तला, की त्याच्याबरोबर कित्येक चीजाही लोपत. हे पाहून भातखंड्यांनी वकिली सोडली. ते देशभर हिंडले, प्राचीन ग्रंथ अभ्यासिले, उस्तादांची मनधरणी करून शेकडो चीजा स्वरलिपीत उतरविल्या आणि छापून सर्वांस खुल्या केल्या. रागांची लक्षणे सांगणारी गीतेही त्यांनी रचिली. त्यांच्या प्रयत्नाने १९२६ साली लखनौस संगीत महाविद्यालय निघाले. १९३६ साली पंडितजी निवर्तले. परंतु त्यांनी वाचविलेल्या चीजा आजही विद्यार्थ्यांच्या कंठी आहेत.