बेड्या कुणी काढल्या?

टोनी रॉबेर-फ्लरी या फ्रेंच चित्रकाराने १८७६ मध्ये रंगविलेले एक चित्र मानसोपचाराच्या इतिहासावरील असंख्य ग्रंथांत छापले गेले आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयाचे आवार, मधोमध उभी असलेली एक भ्रमिष्ट तरुणी, तिच्या अंगावरील साखळी काढणारा सेवक आणि शेजारी शांतपणे उभे असलेले, काळ्या पोशाखातील डॉ. फिलिप पिनेल. वेड्यांच्या बेड्या तोडणारा वैद्य ही त्यांची प्रतिमा अशा चित्रांनी जनमानसात रुजविली. प्रत्यक्षात घडले ते थोडे निराळे होते. आणि पिनेल यांचा खरा मोठेपणा त्या निराळेपणातच आहे.

दक्षिण फ्रान्समधील झोंकिएर या गावी २० एप्रिल १७४५ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील शस्त्रवैद्य होते. पिनेल यांचे आरंभीचे शिक्षण धर्मोपदेशक होण्याच्या दृष्टीने झाले. पुढे ते वैद्यकाकडे वळले आणि १७७३ मध्ये तुलूझ विद्यापीठाची पदवी मिळवून आणखी काही वर्षे माँपेलिए येथे शिकले. १७७८ मध्ये ते पॅरिसला आले खरे, पण प्रांतिक विद्यापीठाच्या पदवीला राजधानीत मान्यता नव्हती. त्यामुळे पस्तिशीकडे झुकलेल्या या पदवीधर वैद्याला गणिताच्या शिकवण्या, भाषांतरे आणि एका आरोग्यविषयक नियतकालिकाचे संपादन यांवर गुजराण करावी लागली. स्वभाव भिडस्त, बोलणे अडखळते. दरबारी ओळखी जोडण्याचे कसब अंगी नव्हते.

याच काळात त्यांच्या एका तरुण मित्राला वेड लागले. औषधोपचारांचा उपयोग झाला नाही. एके रात्री तो घरातून पळाला आणि रानात मृत्युमुखी पडला. या घटनेने पिनेल हादरले. त्यानंतर एका सुताराने चालविलेल्या, बेलोम यांच्या खासगी शुश्रूषागृहात ते मनोरुग्णांना पाहू लागले. तेथे त्यांनी सुमारे पाच वर्षे निरीक्षणे टिपली.

१७८९ च्या राज्यक्रांतीने जुनी विद्यापीठीय मक्तेदारी मोडली आणि पिनेल यांचे दैव उघडले. २१ जानेवारी १७९३ रोजी सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला, तेव्हा रक्षकदलाच्या कामगिरीवर तेही हजर होते. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात ते बिसेत्र येथे वैद्य म्हणून रुजू झाले. बिसेत्र म्हणजे केवळ रुग्णालय नव्हे. कैदी, गुप्तरोगी, निराधार वृद्ध आणि मनोरुग्ण अशा हजारो पुरुषांचा तो कोंडवाडा होता. मनोरुग्णांच्या विभागात सुमारे दोनशे जण होते, त्यांतील काही साखळदंडांत.

तेथे त्यांना जाँ-बाप्तिस्त प्यूसँ भेटला. हा मूळचा कातडी कमावणारा. गंडमाळेच्या उपचारांसाठी तो बिसेत्रमध्ये आला, बरा झाला आणि तेथेच नोकरीला राहिला. १७८०च्या दशकाच्या मध्यापासून मनोरुग्णांचा विभाग तो पत्नी मार्गेरितच्या साहाय्याने सांभाळत होता. रुग्णांना मारहाण करण्यास त्याने सक्त मनाई केली होती. नियम मोडणाऱ्या सेवकांना तो घरी पाठवी आणि बरे होत आलेल्या रुग्णांनाच सेवेत घेई, कारण भोगलेल्या माणसाचा हात सहसा दुसऱ्यावर उठत नाही. पदवीधर वैद्याने अशा अशिक्षित रखवालदाराकडे पाहावे कसे? पिनेल यांनी त्याच्याकडून शिकायचे ठरविले. ते रोज त्याच्याबरोबर विभागात फिरत, रुग्णांशी निवांत बोलत, प्रत्येकाचा इतिहास लिहून ठेवीत. रक्त काढणे, जुलाब देणे हे रूढ उपचार त्यांनी बरेच आवरते घेतले. काम, दिनक्रम, धीराचे शब्द आणि गरज पडल्यास धाक यांनीच मन ताळ्यावर येते, असे त्यांचे मत बनत गेले.

या मताला अपयशही आले आणि पिनेल यांनी ते लपविले नाही. राजाच्या शिक्षेविषयी काहीबाही बोलल्यामुळे आपलाही शिरच्छेद होणार, या भयाने एका शिंप्याला वेड लागले होते. त्याला कपडे दुरुस्तीचे काम दिल्यावर तो सुधारला, पण पुन्हा खचला. तेव्हा तीन तरुण वैद्यांना न्यायाधीशांचा काळा वेश चढवून खोटा खटला उभा करण्यात आला आणि शिंप्याला निर्दोष ठरविण्यात आले. तो सावरला. मात्र पुढे कुणीतरी ते सोंग असल्याचे त्याला सांगितले आणि तो कायमचा हातचा गेला. फसवून दिलेला दिलासा किती टिकतो, हा प्रश्न आजही मानसोपचारात अवघडच आहे.

१७९५ मध्ये पिनेल स्त्रियांच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात गेले. बिसेत्रमधील साखळ्या काढण्यात आल्या त्या त्यानंतर, १७९७ मध्ये, आणि त्या काढल्या प्यूसँने. त्यांच्या जागी जाड कापडाची बंधनवस्त्रे आली. म्हणजे बंधन गेले नाही, लोखंड गेले. पिनेल यांनी वारंवार मागणी करून प्यूसँला १८०२ मध्ये साल्पेत्रिएरमध्ये आणविले आणि तेथील साखळ्याही गेल्या. १८०१ मधील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात, तसेच त्याच्या पुढील आवृत्तीत, त्यांनी या सहकाऱ्याचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. उन्माद, विषण्णता, बुद्धिभ्रंश आणि जडबुद्धी असे वर्गीकरण करणारा हा ग्रंथ युरोपभर वाचला गेला.

मग दंतकथा आली कोठून? पिनेल यांचे पुत्र सिपिओ यांच्या लेखनातून. क्रांतीचा नेता कूताँ याच्या विरोधाला न जुमानता पित्याने १७९३ मध्येच बेड्या तोडल्या, असा नाट्यपूर्ण प्रसंग त्यांनी रंगविला. चित्रकारांना तो आवडला. विसाव्या शतकात संशोधकांनी जुनी दफ्तरे तपासली, तेव्हा त्याला आधार सापडला नाही.

प्यूसँ १८११ मध्ये वारला. नेपोलियनचे सल्लागार वैद्य राहिलेल्या पिनेल यांना नव्या राजवटीने १८२२ मध्ये राजकीय कारणांवरून प्राध्यापकपदावरून दूर केले. साल्पेत्रिएरमध्येच २५ ऑक्टोबर १८२६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे शिष्य एस्किरोल यांच्या प्रयत्नांतून १८३८ मध्ये फ्रान्समध्ये मनोरुग्णांविषयीचा कायदा झाला. १८८५ मध्ये साल्पेत्रिएरच्या दाराशी पिनेल यांचा पुतळा उभा राहिला. त्यातही तुटलेली साखळी आहेच.